जेबी हंबकरमधून सिंगल कॉइलचा आवाज: किती निघतो आणि कसा काढायचा

सेमूर डंकन कंपनीचा जेबी, म्हणजे एसएच-४, हा इलेक्ट्रिक गिटारचा हंबकर: दोन कॉइल जोडून हम (विजेची गुणगुण) मारणारा पिकअप. तो ब्रिजवर बसवणाऱ्याला बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते: गेन कितीही वाढवला तरी न विस्कटणारा, मिडमध्ये पुढे येणारा लीडचा आवाज. त्या कामात तो चोख आहे आणि त्यावर पुन्हा लिहिण्यासारखं काही नाही. इथला प्रश्न वेगळा आहे. मुंबईत ऑर्केस्ट्रात किंवा कव्हर बँडमध्ये वाजवणाऱ्याला एका गाण्याला जाड डिस्टॉर्शन लागतं आणि लगेच पुढच्याला पातळ, टणटणीत, स्वच्छ ऱ्हिदम. संध्याकाळच्या लोकलमध्ये दोन गिटारी घेऊन चढणं तर शक्यच नाही. मग ह्याच पिकअपमधून सिंगल कॉइल किती निघते?

निकाल आधीच सांगून टाकू. सगळे जो उपाय करतात तो, म्हणजे कॉइल स्प्लिट (एक कॉइल बंद करून दुसरीच वाजवणं), जेबीवर जेमतेम पास होतो. दोन्ही कॉइल नेहमीच्या सिरीजऐवजी (एकीमागे एक) पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडल्या तर काम बरंच चांगलं होतं, शिवाय हमही येत नाही. आणि सिंगल कॉइलवाल्या अस्सल फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा (पुढे नुसतं स्ट्रॅट) घंटेसारखा टणत्कार ह्यातल्या कशातूनच मिळत नाही.

कारण पिकअपच्या पोटात आहे. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलमध्ये पोल पीस हेच चुंबक असतात, अल्निकोच्या सहा कांड्या. हंबकरमध्ये एका कॉइलमधून लोखंडी स्क्रू आणि दुसरीतून स्लग (बिनआट्यांचे खिळे) जातात आणि चुंबक आडवा खाली पडलेला असतो. लोखंडाने कॉइलचं इंडक्टन्स वाढतं आणि त्यातल्या एडी करंटमुळे वरच्या सुरांची धार बोथट होते. एक कॉइल बंद केली म्हणून उरलेलीतलं लोखंड कुठे जात नाही.

त्यात जेबी हाय-आउटपुट. डीसी रेझिस्टन्स १६ किलोओहमच्या थोडा वर. विंटेज धाटणीचे हंबकर ८ च्या आसपास असतात आणि स्ट्रॅटची कॉइल साधारण ६ ची. पण नुसत्या ओहमवर जाऊ नका, बारीक तारेचे ओहम तसेही जास्त भरतात. खरा आकडा हेन्रीचा. जेबी सिरीजमध्ये साधारण ८ हेन्री, स्ट्रॅट सव्वादोन ते अडीच. सहा मीटरची केबल आणि ॲम्पचं इनपुट मिळून ७०० पिकोफॅरड धरले, तर जेबीचं रेझोनन्स शिखर (जिथे आवाज सगळ्यात उठून येतो ती जागा) २.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतं आणि स्ट्रॅटचं ४ च्या. स्प्लिट केल्यावर जेबीची एक कॉइल ४ हेन्रीच्या किंचित खाली, म्हणजे शिखर ३ किलोहर्ट्झला. ही जागा स्ट्रॅटची नाही, पी-९० ह्या जाडसर आवाजाच्या सिंगल कॉइल पिकअपच्या बाजूला झुकणारी आहे. पॅरलल केल्यावर मात्र इंडक्टन्स थेट एक चतुर्थांश होतं: २ हेन्री, आणि शिखर ४ किलोहर्ट्झच्या वर. कागदावर तरी स्ट्रॅटच्या दारातच.

कानाला ते कसं लागतं? पॅरललमध्ये जेबी पातळ, मोकळा, स्वच्छ होतो. सातव्या-नवव्या कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, आणि फंकसारख्या ऱ्हिदमला, कोरस लावलेल्या आर्पेजिओला तो मस्त बसतो. मात्र दोन कॉइल तारेवरच्या दोन वेगळ्या जागा ऐकत असल्याने काही वरचे सूर एकमेकांना खातात, त्यामुळे आघाताचा तो कडक ‘टक्’ येत नाही. आवाज सिरीजपेक्षा बराच खाली जातो, तरी पुष्कळशा साध्या सिंगल कॉइलच्या तोडीचा राहतो. नाट्यगृहात दिव्यांचे डिमर आणि गणपतीच्या मांडवात जनरेटर असताना हमशिवाय मिळणारा हा आवाज आमच्या मते सगळ्यात कामाचा.

आता जोडणी. डंकनच्या चार तारांच्या केबलमध्ये काळी आणि पांढरी ही स्लगच्या कॉइलची दोन टोकं, हिरवी आणि लाल ही स्क्रूच्या कॉइलची. नेहमीच्या सिरीज जोडणीत काळी हॉट (सिग्नलची तार), हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप मारलेली. दिमार्झिओचे रंग वेगळे आहेत: तिथे लाल हॉट, हिरवी ग्राउंड, आणि काळी-पांढरी एकत्र. डंकनचा नकाशा पाहून दिमार्झिओला डाग दिला की आवाज गायब होतो नाहीतर उलट्या फेजचा चिरका येतो. पिकअप बिघडला म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी काहींचा घोळ इतकाच असतो. डाग देण्याआधी मीटर २० के वर ठेवून मोजा: काळी-पांढरीत सुमारे ८, हिरवी-लालमध्ये सुमारे ८, आणि लाल-पांढरी जोडून काळी-हिरवीत सुमारे १६.

सिरीज-पॅरललसाठी सहा पायांचा डीपीडीटी (दोन सर्किट एकदम बदलणारा) मिनी टॉगल पुरतो. मधल्या दोन पायांना लाल आणि पांढरी. वरचे दोन पाय तुकड्याने एकमेकांना जोडा, ही सिरीज. खालच्या पायांपैकी लालखालचा हॉटला, म्हणजे काळ्या तारेला, आणि पांढरीखालचा ग्राउंडला, ही पॅरलल. पॅरललमध्ये काळी-हिरवीत मीटरने सुमारे ४ दाखवले की काम बरोबर. हाच नकाशा तीन स्थितींच्या ऑन-ऑन-ऑन टॉगलवर केला तर मधल्या स्थितीत आपोआप एक कॉइल मिळते. कोणती, ते टॉगलच्या आतल्या रचनेवर ठरतं. ॲम्प चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरने पोलवर हलकेच टकटक केली की कळतं. नको असलेली लागली तर लाल आणि पांढरीच्या जागा, त्यांच्या खालच्या जोडांसकट, आपसात बदलायच्या.

स्विच लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन वडापावच्या पैशांत मिळतो. ग्रँट रोड स्टेशनहून पूर्वेला चालत जायचं. रविवारी बहुतेक शटरं खाली असतात. दुकानात ‘थ्री पोझिशन’ म्हणालात तर हातात ऑन-ऑफ-ऑन येण्याचीच शक्यता जास्त. दिसायला अगदी तोच, पण मधल्या स्थितीत लाल आणि पांढरी दोन्ही लटकत राहतात आणि गिटार मुकी होते. तिथेच मीटर लावून तपासून घ्या. पुश-पुल पॉट (वर खेचला की स्विचचं काम करणारा व्हॉल्यूम किंवा टोनचा पॉट) घेणार असाल तर कॅव्हिटीची खोली आधी मोजा. त्याची पाठ साध्या पॉटपेक्षा बरीच खाली उतरते आणि पातळ बॉडीत झाकण बसत नाही.

डाग देताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पॉटच्या पाठीला ग्राउंड देण्यासाठी २५ वॉटचं आयर्न अपुरं पडतं. सोल्डर वर गोळा होऊन बसतो, पकडत नाही, आणि महिन्याभरात गिटार खरखरू लागते. तिथे ५०-६० वॉट हवेत, आणि पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडलेली. उलट टॉगलच्या पायावर तेच आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवलं तर आतलं प्लास्टिक वितळून कॉन्टॅक्ट सरकतो.

स्प्लिटच हवा असेल तर तो थोडा सुधारता येतो. लाल-पांढरीचा जोड ग्राउंडला गेला की स्लगची कॉइल उरते. ब्रिजवर स्क्रू ब्रिजच्या बाजूला असतील तर ही कॉइल तारांच्या जरा मोकळ्या भागाखाली येते, म्हणून आवाज थोडा भरलेला. तोच जोड ग्राउंडऐवजी हॉटला दिला तर स्क्रूची कॉइल उरते आणि ती आणखी पातळ, जवळजवळ नाकातली. ब्रिजला स्लगच ठेवा. मिडलला सिंगल कॉइल असेल तर मात्र दोघांनी मिळून हम मारायला हवा. त्यासाठी जी कॉइल मिडलच्या उलट ध्रुवाची असेल ती निवडावी लागते. साधं होकायंत्र पोलवर धरून ते तपासता येतं.

स्प्लिटचा खरखरीत कर्कशपणा बराचसा ५०० केच्या पॉटचा असतो, कारण सिंगल कॉइलला २५० केची सवय. पुश-पुलचा एक अर्धा भाग स्प्लिटसाठी वापरला की दुसरा रिकामाच असतो; त्यातून हॉट आणि ग्राउंडमध्ये ४७० केचा रेझिस्टर टाका. स्प्लिट झाल्यावर पॉट २४२ केसारखा वागतो, सिरीजमध्ये पुन्हा ५००. एक-दोन रुपयांचा भाग, आणि फरक लगेच ऐकू येतो.

आवाज फारच पडत असेल तर जोड थेट ग्राउंडला न नेता मध्ये रेझिस्टर घाला. ३.३ केने स्क्रूच्या कॉइलचा खालच्या सुरांत साधारण तीस टक्के भाग उरतो, वरच्या सुरांत त्याहून कमी, ८.२ केने निम्मा. तेवढा हमही घटतो. रेझिस्टरच्या जागी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर गंमत वेगळीच: खालचे सूर दोन्ही कॉइलचे, वरचे एकाच कॉइलचे, आणि ५० हर्ट्झचा मूळ हम जवळजवळ जातो. ०.०२२ ने आवाज जाडसर, ०.१ ने स्प्लिटच्या जवळ. स्प्लिटच्या सगळ्या प्रकारांत आम्ही हाच निवडू.

गिटारला भोक पाडायचं नसेल तर डंकनचीच ट्रिपल शॉट रिंग आहे. चौकटीतच दोन छोटे खटके, त्यातून सिरीज, पॅरलल आणि दोन्ही स्प्लिट. काम नेटकं आहे. पण खटके इतके लहान की गाणं चालू असताना अंधाऱ्या स्टेजवर बोट नेमकं पडत नाही. स्टुडिओसाठी घ्या, ऑर्केस्ट्रासाठी टॉगलच.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. जेबीवर बहुतेक वेळा कव्हर नसतं, आणि मुंबईच्या जून-जुलैमध्ये पोलचे स्क्रू गंजतात, टॉगलचे कॉन्टॅक्टही काळवंडतात. पॅरलल अचानक खरखरली तर पिकअपवर संशय घेण्याआधी स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा खालीवर करा.

फ्लॉइड रोझ ट्रेमोलोवर किंवा फेंडर धाटणीच्या ब्रिजवर बसवायचा असेल तर एसएच-४ नको, तारांच्या रुंद अंतराचा टीबी-४ घ्या. सिंगल कॉइल हाच तुमचा मुख्य आवाज असेल तर जेबी घेऊच नका. त्याच कंपनीचा पी-रेल्स हंबकरच्याच मापात एक पी-९० आणि एक अरुंद रेल कॉइल देतो, म्हणजे एकेकटी वाजवण्यासाठीच बनवलेल्या कॉइल. आणि जुना जेबी स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्याकडे आधी केबलचा फोटो मागा. आत चार रंगीत तारा आणि एक उघडी दिसली पाहिजे. जाळीची एकच तार असेल तर वरचं काहीही पिकअप उघडल्याशिवाय करता येणार नाही.