मुसळीचे बेणे आणि तीन एकरांचे खरेदीखत

2003 च्या उन्हाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात सफेद मुसळी या औषधी कंदाच्या लागवडीसाठी एका कंपनीची माणसे आली. बेणे त्यांच्याकडूनच विकत घ्यायचे आणि वाळलेली मुसळी त्यांनी ठरल्या भावाने घ्यायची, असा करार मुद्रांकावर झाला. एकरी चार-पाच क्विंटल बेणे लागते आणि कपाशी-ज्वारी पेरणाऱ्या घरात एवढे भांडवल नसते. बँकेचे जुने कर्ज थकलेले असल्यामुळे गावातल्याच एका सधन गृहस्थाकडून दोन लाख रुपये घेतले आणि तारण म्हणून नदीकाठची तीन एकर जमीन त्यांना खरेदीखताने लिहून दिली. पैसे फिटले की जमीन परत करायची, हे फक्त तोंडी ठरले होते.

पीक उत्तम आले. हिवाळ्यात पाने वाळल्यावर कंद खणले. आई, पत्नी आणि शेजारच्या बाया महिनाभर ओसरीत बसून एकेका कंदाची साल चाकूने खरवडत होत्या. ओली पाच किलो मुसळी सोलून वाळवली की जेमतेम किलोभर उरते. पोती घेऊन कंपनीच्या कार्यालयावर गेलो, तेव्हा पाटी उतरवलेली होती आणि दाराला कुलूप होते. आदल्या वर्षी ज्यांचा माल या लोकांनी घेतला, तोच आम्हाला बेणे म्हणून विकला होता, हे नंतर उलगडले. मुसळीला गिऱ्हाईक होते ते पुढच्या गावातले शेतकरीच.

पुढच्या वर्षी फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्या गृहस्थांचे नाव लागले. आमच्यासारख्या आणखी काही घरांचे तेच झाले, आणि नदीकाठची ओलिताची जमीन दोन-तीन नावांवर गोळा झाली. माझे तीन एकर मी आज ठोक्याने, म्हणजे ठरावीक रक्कम देऊन भाड्याने, करतो.

परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 नुसार तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण, म्हणजे पैसे फिटले की जमीन परत मिळण्याच्या अटीवरची विक्री, ठरत नाही, हे वकिलाने सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातील कलम 18 प्रमाणे सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, परंतु व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा सोळावे वर्ष लागले होते. ज्यांची मुदत अजून शिल्लक आहे, त्यांनी खरेदीखताची नक्कल, जुने सातबारे आणि व्याज दिल्याची एखादी चिठ्ठी असेल तर तीही घेऊन याच महिन्यात अर्ज करावा.