जिप्सीला सीएनजी, दीड वर्षानंतर: रिड्यूसर बदलण्याआधी थर्मोस्टॅट आहे का ते बघा

सीएनजी किटवाल्याने रिड्यूसर (सिलिंडरमधल्या गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) बदलायचे नऊ हजार सांगितले तिथेच माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला घेतलंय. गाडी २००६ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर), मागे ६० लिटरचा सिलिंडर, आरसीवर नोंद, सगळं कायदेशीर. सगळं मिळून ५८ हजार गेले. ज्यांच्याकडे जिप्सी आहे त्यांना बाकी काही सांगायची गरज नाही आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगून पटणार नाही की पाठ मोडणारी गाडी माणूस वीस वर्षं का ठेवतो.

हिशोब आधी सांगतो कारण गॅस लावला तो हिशोबापायीच. पेट्रोलवर ही बया दहाच्या वर कधी गेली नाही, म्हणजे आजच्या भावाने किलोमीटरला दहा रुपये सरळ. गॅसवर तेरा धरा, म्हणजे पावणेसात-सातच्या आसपास. किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचतात, म्हणजे साधारण सोळा-सतरा हजार किलोमीटरला किटचे पैसे वसूल. कोथरूड ते मुळशीकडचं शेत आणि अधूनमधून ताम्हिणी उतरून माणगावला सासरी, एवढंच माझं फिरणं, त्यामुळे वसुली आता कुठे होत आली होती आणि तेवढ्यात हे नऊ हजार. वर लेबर वेगळं.

त्रास काय होता ते नीट सांगतो, कारण हाच त्रास बऱ्याच जुन्या गाड्यांना आहे आणि सगळीकडे एकच उत्तर मिळतं. गावात गाडी झक्कास. सिग्नल, ट्रॅफिक, गॅसवर मस्त चालते. गाडी पेट्रोलवर चालू होते आणि पाणी तापलं की आपोआप गॅसवर जाते. पण थंडीत सकाळी निघालं की पौड आलं तरी गॅसवर जायचीच नाही, स्विचवरचा लाइट नुसता ब्लिंक. आणि गेली तरी ताम्हिणीच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दोन वळणांनी टीं-टीं-टीं आणि परत पेट्रोल. सिलिंडर भरलेला, प्रेशर फुल, आणि आम्ही घाटभर पेट्रोल जाळतोय. तो बीपर म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे, एवढ्याशा डबीतून एवढा कर्कश आवाज कशाला काढायचा कळत नाही, मागे झोपलेली पोरगी दर वेळी दचकून उठायची.

किटवाल्याकडे चकरा सुरू झाल्या. पहिल्यांदा लॅपटॉप लावून मॅपिंग (गॅस किती सोडायचा त्याचं सेटिंग) केलं, पाचशे रुपये. फरक शून्य. मग म्हणाला गॅसवर जायचं टेंपरेचर ४० ला सेट आहे ते ३० करून देतो. आता हे करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडणं. गाडी गॅसवर लवकर जायला लागली खरी पण झटके द्यायला लागली आणि चांदणी चौकातल्या चढावर दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी खाली उतरून बॉनेट उघडतोय. परत गेलो तर म्हणे रिड्यूसरचे डायाफ्राम (आतले रबरी पडदे) गेले, अख्खा रिड्यूसरच बदलावा लागेल. मी म्हणलं दीड वर्षात? तर म्हणाला साहेब जुनी गाडी आहे, चालायचंच. अरे गाडी जुनी आहे पण रिड्यूसर तर तूच नवीन बसवलास ना!

काट्याबद्दलही मी त्याला विचारलं होतं. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा हायवेला खालीच असायचा, सीच्या, म्हणजे कोल्डच्या, थोडासा वर. त्यावर त्याचं उत्तर, म्हणजे इंजिन थंड राहतंय, चांगलंच आहे की. हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

शेवटी नाना पेठेत क्रॉसचे बेअरिंग घ्यायला गेलो होतो तिथल्या दुकानदाराने एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिला. आयुष्य जिप्स्यांखाली घातलेला माणूस. काकांनी लॅपटॉप वगैरे काही काढला नाही. थंड गाडी चालू करायला सांगितली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर नुसता हात ठेवून उभे राहिले, दुसऱ्या हातात चहा. मिनिट-दोन मिनिटं. मग मला म्हणाले हात लावा. होज हळूहळू कोमट होत होता. म्हणाले, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) असता तर हा होज बराच वेळ गार राहिला असता आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर एकदम चटका बसला असता. हा पहिल्यापासून कोमट होतोय म्हणजे पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरतंय. आत व्हॉल्व्हच नाहीये.

हाउसिंग खोलायला घेतलं तर एक बोल्ट गंजून मुंडीतच तुटला, त्यात अर्धा दिवस गेला. आणि आत खरंच काही नाही! रिकामं. चहासारखं तांबडं पाणी आणि गाळ. आधीच्या मालकाकडे कधीतरी गाडी हीट झाली असणार आणि कोण्या महाभागाने आपला तो सुप्रसिद्ध देशी इलाज केला असणार, थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. खरं दुखणं रेडिएटर चोक झाल्याचं. पेट्रोलवर हे कळत नाही, इंजिन थंडगार पळतं, पेट्रोल जरा जास्त पितं, लोक म्हणतात जिप्सी आहे, पिणारच.

पण गॅसला ते चालत नाही. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारला असतो आणि रिड्यूसर तो इंजेक्टरला देण्याआधी दोनेक बारवर आणतो. प्रेशर एवढं पडलं की गॅस भयंकर गार होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंटच कोमट असेल तर रिड्यूसर बिचारा काय करणार? ट्रॅफिकमध्ये वारा लागत नाही म्हणून पाणी तापायचं आणि सगळं चालायचं. घाट उतरताना इंजिनवर लोड नाही आणि समोरून गार वारा, पाणी थंड, टीं-टीं-टीं.

बिल सांगतो. थर्मोस्टॅट साडेतीनशे, पॅकिंग चाळीस, कूलंट, दोन नवे होज, रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं), तुटलेल्या बोल्टची मजुरी, सगळं मिळून चार हजारांच्या आत. त्यातलं रॉडिंग टाळायचा माझा विचार होता पण काकांनी दम दिला की चोक रेडिएटरवर थर्मोस्टॅट टाकलात तर गाडी परत हीट होणार आणि पुढचा मिस्त्री परत तो काढून टाकणार. एक टीप, नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने टांगा आणि उकळायला ठेवा. पाण्याला उकळी फुटायच्या जरा आधी व्हॉल्व्ह हळूच तोंड उघडतो, गॅस बंद केला की मिटतो. फारच बघण्यासारखं आहे. मी चहाचं पातेलं घेतलं होतं त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं, नंतर एकदा ताम्हिणी करून आलो, त्यामुळे आता मत थोडं बदललंय. किट चांगलं आहे, आधी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मागे. वाईट किटवाला आहे, त्याच्या मागे घेणार नाही. सेटिंग परत ४० ला करून घेतलं (त्याचे वेगळे पैसे मागितले, दिले नाहीत). आता काटा मध्यावर येऊन बसतो, सकाळी सोसायटीतून निघालो की वनाजच्या आधीच गाडी गॅसवर जाते, आणि अख्खा घाट उतरलो तरी बीपर गप्प. पिकअप मात्र गॅसवर कमीच, ते काही सुधारलं नाही आणि सुधारणारही नाही, गॅस हवेचीच जागा खातो. ८० बीएचपीच्या गाडीत दहा टक्के गेले की ते पायाला कळतं.

काकांनी जाता जाता गॅसचा लो प्रेशर फिल्टरही खोलला. आत काळं तेल! पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं आणि तिथे साठतं, ते पुढे गेलं की इंजेक्टर चिकटतात. दीड-दोनशेचा फिल्टर आहे, इंजिन ऑइलच्या एक सर्व्हिसआड बदलून टाका. प्लगचा गॅपही गॅसला कमी लागतो, आणि प्लग वायर जुन्या असतील तर पेट्रोलवर ठणठणीत आणि गॅसवर मिसिंग असा प्रकार होतो. टॅपेटच्या (व्हॉल्व्हच्या) गॅपकडे मात्र दुर्लक्ष करू नका, गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह सीट झिजून गॅप कमी होत जातो, आवाज वाढत नाही उलट गाडी शांत वाटते आणि एक दिवस कॉम्प्रेशनच जातं.

आता फोर बाय फोरचं. सिलिंडरचं वजन साठेक किलो, तेही पार मागे, त्यामुळे मागचे स्प्रिंगचे पाटे बसले. मागे एक एक पाटा वाढवला, गाडी सरळ झाली पण रिकामी असताना आधीच दगडासारखी होती ती आता विचारूच नका. मागच्या आडव्या सीट गेल्या, भाताची पोती टाकायची जागा गेली. पावसाळ्यात शेताकडे जाणारा चिखल फोर लो (चारही चाकांना ताकद, सगळ्यात जड गिअर) शिवाय निघत नाही, आणि तिथे मी उतरून पुढच्या चाकांचे हब लॉक केले की बटण दाबून पेट्रोलवर घेतो. कमी आरपीएमला गॅसवर ती दम सोडते आणि भातखाचराच्या कडेला बंद पडली तर ढकलायला कोण येणार. तेवढं पेट्रोल जळू द्यावं.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी ठेवून फिरणारे बरेच आहेत. नका करू. पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, त्यानेच तो थंड राहतो. आणि उलट टाकी फुल करून महिनोन्‌महिने तसंच ठेवणंही बरोबर नाही, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, ते ओलावा धरतं आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो, रबरी पाइपही खराब होतात. मी पाव टाकी ठेवतो आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम पेट्रोलवर चक्कर मारतो.

स्टिअरिंग वॉबल आहे, म्हणजे साठच्या पुढे थरथरतं. किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचे) बेअरिंग. पुढच्या महिन्यात. पार्ट मिळतात अजून, कंपनीने गाडी बंद केली तरी लष्कराकडे खंडीभर आहेत त्यांच्या कृपेने.

कागदांचं तेवढं राहिलं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) तीन वर्षांनी असते, माझी अजून दीड वर्षाने, प्लेटवर तारीख नसेल तर पंपवाला नोझल लावत नाही आणि त्याचं बरोबर आहे. आरसी २०२१ ला सहाशे रुपयांत पाच वर्षांनी वाढवली होती. आता वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला दहा हजार आहेत, पर्यावरण कर वेगळा. म्हणजे रिड्यूसरचे वाचवलेले तिकडे जाणार. पासिंगच्या आधी खालून गंज घासून रंग मारायचाय आणि हाताने जोडलेला तो इंडिकेटर नीट करायचाय, कोणाकडे जिप्सीचा डाव्या बाजूचा मागचा लॅम्प धड अवस्थेत असेल तर सांगा, नवा घेणार नाही.