कोकणात पाण्यात उतरताना पायात काय घालायचं?

नणंदेने आधी चार फोटो पाठवले आणि पाठोपाठ फोन केला. चारही फोटो पाण्यात घालायच्या पादत्राणांचे. "वहिनी, तू समुद्राकाठची. यातलं कुठलं घेऊ ते सांग." सहल चार दिवसांची. आधी अलिबाग, मग हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याच्या फेरीबोटीने पुढे येऊन शेवटी गुहागर. बरोबर नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई.

माझं माहेर हर्णैजवळचं. लहानपणी आम्ही पाण्यात अनवाणीच जायचो आणि पाय कापला की हळद दाबून मोकळे व्हायचो. तेव्हा समुद्राकाठची म्हणून या विषयात माझी हुशारी शून्य. जे काही कळलं ते पुण्यात आल्यावर, माहेरी जाताना वेगवेगळे जोड विकत घेऊन आणि त्यातले दोन फेकून देऊन.

तिला मी उलट विचारलं, की तुम्ही उतरणार कशावर? तिने ज्या तीन जागा सांगितल्या, त्या तीनही जागी पायाखालची जमीन निराळी आहे. गुहागरला नुसती पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबच लांब आणि मऊ. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला कातळ. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाताना ओली वाळू, मध्येच घोट्याएवढं पाणी, आणि किल्ल्याजवळ दगड. या तिन्हींना सारखंच चांगलं असं पादत्राण मला तरी मिळालेलं नाही.

स्लिपर की अनवाणी

नुसती पुळण असेल तर काही विकत घेऊ नका. गुहागर, कर्दे, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर लाटेत पाय बुडवायचे असतील तर अनवाणी जाण्यासारखं सुख नाही. घरातली रबरी स्लिपर फक्त गाडीपासून ओल्या वाळूपर्यंत घालायची, कारण दुपारी बाराला कोरडी वाळू तव्यासारखी तापते. तिथे पोचलं की स्लिपर हातात.

पाण्यात मात्र स्लिपरचा काही उपयोग नाही. ओल्या वाळूवर चालताना ती मागून वाळू उडवते आणि पोटऱ्यांपासून कमरेपर्यंत कपडे भरून टाकते. लाट परतताना ती पायातून ओढून नेते. चिखलात रुतली तर अंगठ्याचा पट्टा खालच्या भोकातून निसटतो आणि मग सेफ्टी पिन लावून दिवस काढायचा. नणंदेच्या नवऱ्याचं म्हणणं, "मला स्लिपरच बरी." गुहागरपुरतं त्याचं खरं आहे. कुलाब्याला तो ती हातात घेऊन चालणार, हे मी आत्ताच लिहून देते.

अनवाणी जायला एकच अपवाद, तिच्या सासूबाई. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. शिंपल्याचा तुकडा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही, आणि नंतर ती जखम भरायला वेळ घेते. त्यांनी मऊ पुळणीवरसुद्धा काहीतरी घालूनच चालायचं. इथे हौसेचा प्रश्न नाही.

क्लॉग की पट्ट्यांची सँडल

पहिल्या फोटोत क्रॉक्ससारखे भोकांचे क्लॉग होते. लोक हल्ली त्यांना बागेतले, दवाखान्यातले, स्वयंपाकघरातले जोडे समजतात, पण २००२ साली ते बाजारात आले ते बोटीवर घालायचे म्हणून. त्यामुळे पाण्याशी त्यांचं वैर नाही. हलके, तरंगतात, धुतले की पाच मिनिटांत कोरडे. लाटेत पायातून सुटले तर निदान वर दिसतात तरी. किनाऱ्यावर भेळ खात फिरायला यांच्यासारखं काही नाही.

पण पाणी पिंडरीपर्यंत आलं की त्यांचा घोळ सुरू होतो. आत पाणी आणि वाळू दोन्ही भरतात, पाय आतल्या आत सरकतो, मागचा पट्टा टाचेवर घेतला तरी पकड सैलच राहते. आणि बहुतेक स्वस्त क्लॉगचा तळ त्याच फोमचा असतो, खाली वेगळं रबर नसतं. शेवाळावर असा तळ साबणासारखा सरकतो.

दुसऱ्या फोटोत पट्ट्यांची सँडल, जिला आपण सरसकट फ्लोटर म्हणतो. टाचेमागे पट्टा, वर दोन पट्टे, खाली जाड रबरी तळ. हिच्यात वाळू आत येते तशी बाहेरही जाते, पाय घट्ट बसतो, आणि सहलीत इतर वेळीही घालता येते. मंदिरात जाताना वेल्क्रो ओढून काढली, झालं. कुलाब्याच्या वाटेला माझी पसंती हिलाच. उणीव अशी, की बोटं उघडी राहतात. दगडावर ठेच लागली की नखापर्यंत कळ जाते. शिवाय वेल्क्रोत वाळू अडकून बसते आणि दुसऱ्या हंगामात तो चिकटायचा बंद होतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडून काढली तर अजून एक वर्ष निभतं.

क्लॉग आणि फ्लोटर यांत एकच घ्यायचं असेल तर फ्लोटर घ्या. बोटं झाकणारी, पुढे रबरी टोपी असलेली सँडलही मिळते. जरा जड असते, पण मुलांसाठी मी तीच घेते, कारण मुलं चालत नाहीत, पळतात.

मोज्यासारखा बूट की तळवाला बूट

उरलेले दोन फोटो वरवर सारखे दिसणाऱ्या दोन वस्तूंचे होते, आणि खरी गोम इथेच आहे. दोन्हींना दुकानात 'ॲक्वा शूज'च म्हणतात.

एक म्हणजे ताणणाऱ्या कापडाचा मोजा आणि त्याला खाली चिकटवलेला पातळ रबराचा थर. घडी घालून खिशात मावतो. स्विमिंग पूलच्या काठावर, योगासनांना, फार तर पुळणीवर ठीक. दुसऱ्याचा तळ जाड आणि जरा कडक, त्याला पाणी निघून जायला भोकं, पुढे बोटांवर रबर, वर जाळीचं कापड आणि नाडीऐवजी लवचीक दोरी. हा बुटासारखा बूट असतो. किंमत पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट.

चार वर्षांपूर्वी मी पहिल्या प्रकारचा जोड घालून माहेरी कातळावर गेले. तळ टिकला हो, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा टिकला. पाऊल दोन दगडांच्या फटीत तिरकं पडलं आणि करंगळीच्या बाजूचं कापड कालवाच्या कडेवर घासलं. कालवं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: ती दगडाला चिकटून वाढतात, वरचा शिंपला फोडून आतलं मांस काढतात आणि खालचा अर्धा भाग दगडावर तसाच राहतो. त्याची कड ब्लेडसारखी असते. कापड सरळ रेषेत फाटलं, खाली कातडीही. रक्त पाण्यात दिसेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही. घरी येऊन गोड्या पाण्याने जखम खळखळून धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि उरलेली सुट्टी ओटीवर बसून काढली. त्याच कातळावर शेजारची एक काकी कालवं काढत होती. तिच्या पायात मुलाचे जुने, बाजू झाकणारे प्लॅस्टिकचे पावसाळी बूट होते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं होतं, बोलली मात्र काही नाही.

तेव्हापासून मी बुटाचा तळ बघण्याआधी बाजू बघते. तळाचं रबर बोटभर तरी वर चढलेलं हवं, विशेषतः करंगळीच्या बाजूला आणि टाचेला. मग तळावर बाहेरून अंगठा दाबायचा. आत घातलेल्या हाताला तो टोचल्यासारखा लागला तर कालव, दगडाची धार, सी अर्चिनचे काटे सगळंच लागणार. बूट मध्ये वाकवून बघायचा. पुरणपोळीसारखा दुमडला तर कातळासाठी नको.

त्या पावसाळी बुटांबद्दल एक वाक्य: दोन-तीनशेत मिळतात, झाकतात छान, पण कडक प्लॅस्टिक ओल्या कातळावर घसरतं आणि पाय ओला असताना टाच सोलून काढतं. काकीला सवय आहे, आपल्याला नाही. जुने स्पोर्ट्स शूज घालायचा सल्लाही खूप जण देतात. ते पाणी पिऊन विटेएवढे जड होतात, आणि कपाटात पाच-सहा वर्षं पडलेला जोड असेल तर तळाचा फोम आतून कुजलेला असतो, तो नेमका अर्ध्या वाटेत सुटतो. गमबूट तर पाण्यात नकोच. वरून पाणी भरलं की पाय उचलत नाही.

डायव्हिंगवाले घालतात ते निओप्रीनचे बूट उबदार असतात, पायाला छान बसतात. थंड पाण्यात त्यांचं मोल आहे. आपलं पाणी कोमट. इथे ते आतून चिंब राहतात, दुसऱ्या दिवशीही ओले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा वास डब्यातल्या सुक्या बोंबलांशी स्पर्धा करतो. जाळीचे बूट लवकर वाळतात, पण बारीक वाळू त्या जाळीतून आत शिरते. पाच मिनिटं पाण्यात थांबून पाय हलवला की निघते, कोरड्यात नाही.

माप

पाण्याचे बूट रोजच्या बुटांपेक्षा अंगाबरोबर हवेत. ओले झाले की कापड सैल होतं आणि दुकानात 'जरा मोकळे बरे' वाटलेले बूट लाटेत टाचेतून सुटतात. बोटं पुढे टेकता कामा नयेत, पण टाच उचलली तर बूट टाचेबरोबर उचलला गेला पाहिजे. मोजे न घालता बघा, आणि संध्याकाळी बघा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आतली गादी सुटी असेल तर ती काढून बघा. पाण्यात ती गुंडाळी होऊन बोटांखाली जमते. शिवण आतून हाताने चाचपा, कारण ओल्या कातडीवर शिवण आणि वाळू मिळून तासाभरात फोड आणतात. मुलांना 'पुढच्या वर्षीही येतील' म्हणून एक नंबर मोठे घेण्याची आपली सवय इथे सोडायची.

बुटाने जे होत नाही

पाकट नावाच्या माशाचा काटा बूटही भेदू शकतो. २०१३ साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना पाकटांनी डंख मारला होता. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली दबून बसतं आणि अंगावर पाय पडला तरच शेपटी मारतं. म्हणून गढूळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, फरपटत न्यायचं. चाहूल लागली की ते स्वतःच निघून जातं. लागलंच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

दुसरं, वेळ. कुलाबा किल्ला आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, दोन्ही ओहोटीलाच. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती आणि साधारण साडेदहाला ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून निघायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच. पाणी चढू लागल्यावर महागातला बूटही उपयोगाचा नाही. पावसाळ्यात तर त्या कातळावर जाऊच नये.

शेवटी नणंदेने काय घेतलं? मुलाला पुढून बंद सँडल. स्वतःला जाड तळाचे ॲक्वा शूज, कारण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तिलाच करायची आहे. सासूबाईंना मी टाचेला पट्टा असलेली मऊ तळाची बंद सँडल सुचवली, आठ दिवस घरात घालून पाय रुळवायला सांगितले आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघायला सांगितले. कुलाब्याला त्या घोडागाडीने जातील, ते ठरलंय. नवरा स्लिपरवर ठाम आहे.

आणि परतताना ते ओले जोड पिशवीत बांधून डिकीत टाकू नको, असं तिला दोनदा बजावलं. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पालथे ठेवायचे. उन्हात तापलेल्या गाडीत फोमचे जोडे आकसतात. माझे क्लॉग असेच एका दुपारी आठ नंबरचे सात नंबरचे झाले. आता भाची घालते.