बटणांचा साधा फोन आणि रात्रीचा अभ्यास : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या शरणपूर रोडवरील एका लेखा कार्यालयातील नोकरी सांभाळून सीएमए, म्हणजे परिव्यय लेखापालाच्या (कॉस्ट अकाउंटंटच्या) अभ्यासक्रमातील, इंटरमीडिएट परीक्षेच्या पहिल्या ग्रुपचे चार पेपर द्यायचे ठरले, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर मी महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून दोन हजार रुपयांच्या आतला, बटणांचा फोरजी फोन घेतला आणि नेहमीचे सिम त्यात घातले. स्मार्टफोन विकला नाही. तो इंदिरानगरच्या घरी कपाटात ठेवला. सिम नाही, फक्त घरचे वायफाय. आता थंडी सुरू झाली आहे, डिसेंबरची परीक्षा जवळ आली आहे आणि नव्याची नवलाई ओसरून बरेच दिवस झाले आहेत, त्यामुळे या व्यवस्थेबद्दल थोडे नेमकेपणाने लिहिता येईल असे वाटते.

फोनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस चालतो, आवाज सिटीलिंकच्या गर्दीच्या बसमध्येही स्पष्ट येतो, मराठी संदेश वाचता येतात. लिहिणे मात्र इतके कष्टाचे आहे की माणूस सरळ फोनच करतो. कॅमेरा नावापुरता आहे.

सुरुवातीचे काही आठवडे जड गेले. अशोक स्तंभाजवळ बस अडकली, चहा यायला उशीर झाला, संगणकावर टॅलीची फाइल उघडायला वेळ लागला, की हात आपोआप खिशाकडे जात असे आणि तिथे पाहण्यासारखे काहीच नसे. स्मार्टफोनवर बोटाने कितीही वर सरकवले तरी न संपणारे पान ही रचना अझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पूर्वी पान संपले की ‘पुढे’ असे बटण दाबावे लागे आणि त्या क्षणभरात थांबायचे की नाही हे ठरवण्याची सोय होती. ती सोयच काढून टाकली गेली. शिवाय पुढच्या सरकवण्याला काही रंजक मिळेल की नाही हे अनिश्चित असते, आणि अशा अनिश्चित बक्षिसामुळे लागलेली कृती सर्वांत चिवट असते हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांपासून माहीत आहे. हे समजल्याने माझा हात थांबला असे नाही, परंतु आपण निसर्गतःच आळशी आहोत हा समज मात्र सैल झाला.

साधा फोन घेतला की अभ्यास आपोआप होऊ लागतो, असे या फोनबद्दल जे कौतुकाने लिहिले-बोलले जाते, त्याच्याशी माझे मतभेद इथूनच सुरू होतात. त्याने विक्षेप कमी केला. अभ्यासाची इच्छा दिली नाही. मोकळ्या झालेल्या वेळेत मी जुने दिवाळी अंक वाचले, माळा आवरला, पुण्याच्या मोठ्या भावाशी तासभर गप्पा मारल्या, आणि कॉस्ट अकाउंटिंगचे पुस्तक होते तिथेच राहिले. फरक पडला तो अभ्यासाची वेळ आणि जागा रोजच्या एका ठरलेल्या घटनेला बांधल्यावर. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडले होते की ‘रोज अभ्यास करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा ठराव अधिक तडीस जातो. माझा ठराव असा होता : रात्रीचे जेवण झाले, ताट विसळले, की दुसरे काहीही न करता टेबलावर बसायचे आणि सीमांत परिव्ययाचे, म्हणजे मार्जिनल कॉस्टिंगचे, आधी सुटलेले एक सोपे उदाहरण पुन्हा सोडवायचे. हुरूप येतो, पण तो बसल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी; त्याची वाट पाहत उभे राहिले तर तो येत नाही.

कपाटाच्या जागेला मी फोनपेक्षाही अधिक श्रेय देईन. ते आईवडिलांच्या खोलीत आहे, त्याचे दार करकरते, आणि दहानंतर स्मार्टफोन काढायला गेलो की आई अंधारातूनच म्हणते, “अरे, त्या मोबाइलपायी आमची झोप नको मोडूस.” टेक्सास विद्यापीठातील एका प्रयोगात, २०१७ मध्ये, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची एकाग्रता लागणाऱ्या चाचण्यांतील कामगिरी फोन टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस आढळली होती. नंतरच्या पुनर्प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून मी त्याला वेदवाक्य मानत नाही. आमच्या घरात मात्र करकरणारे दार पुरेसे ठरले.

गैरसोयींची यादी लहान नाही. सिम काढल्यावर माझे यूपीआय ॲप चालेनासे झाले. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे देण्याची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून उपलब्ध आहे, पण काउंटरवर मागे रांग उभी असताना फोनवरून पर्याय निवडत बसण्याचा धीर मला झाला नाही, आणि मी रोख पैशांकडे वळलो. भाजीवाल्या मावशी सुट्ट्यांवरून अजून कुरकुरतात. व्हॉट्सॲप कार्यालयाच्या संगणकावर जोडलेले आहे, मात्र मुख्य फोन, म्हणजे कपाटातला स्मार्टफोन, चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर ती जोडणी तुटते, त्यामुळे दर रविवारी कपाट उघडावे लागते. पाणी येणार नसल्याचा सोसायटीचा निरोप आता शेजारच्या काकू देतात. सर्वांत मोठी पळवाट घरचा संगणकच आहे, कारण ऑनलाइन व्याख्यानाच्या शेजारीच करमणुकीचा व्हिडिओ उभा असतो. म्हणून आठवड्याची व्याख्याने आधीच उतरवून घेतो आणि रात्री इंटरनेट बंद ठेवतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या वाक्यावर विश्वास ठेवून कोणी हा खर्च करू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांचा बारा आठवडे अभ्यास केला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक अंदाजे १८ ते २५४ दिवस आणि मध्यक ६६ दिवस असा निघाला (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणिती अंदाजाने काढलेले होते). एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. दिवाळीत माझी घडी पूर्ण विस्कटली. फोटोंसाठी स्मार्टफोन बाहेर आला तो भाऊबीजेपर्यंत हातातच राहिला. त्यानंतर तो पुन्हा कपाटात ठेवणे जिवावर आले, पण जेवणानंतर टेबलावर बसणे तितके जड गेले नाही, यावरून या दोन सवयी वेगवेगळ्या आहेत आणि दुसरी अधिक पक्की झाली आहे असे मी समजतो.

ज्यांचे पोट ॲपवर आहे, म्हणजे डिलिव्हरी किंवा टॅक्सी चालवणारे, त्यांच्या हा फोन उपयोगाचा नाही. इतरांनी आधी आठवडाभर स्मार्टफोनच रात्री दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. तरीही घ्यायचा ठरला तर जिओचे सिम टूजी फोनमध्ये चालत नाही हे लक्षात ठेवून फोरजीचाच घ्यावा, दुकानातच आपले सिम घालून एक फोन लावून पाहावा, आणि बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात तेच सिम त्यात ठेवावे.