फायबर, एअरफायबर की तांब्याची जुनी तार: बडोद्यातल्या घरात काय घ्यावं?

नवीन कनेक्शन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: शंभरचं घेऊ की तीनशेचं? कंपनीच्या पत्रकावर तोच आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, म्हणून आपणही त्यालाच धरून बसतो. पण इंटरनेटबरोबर घरात लँडलाइनही हवी असेल, आणि बडोद्यातल्या बऱ्याच घरांत आई-आजींसाठी ती अजून लागतेच, तर स्पीडचा प्रश्न मागे ठेवा. साध्या फोनच्या आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, वरखर्च धरून नव्वदच्या आसपास. म्हणजे ३० एमबीपीएसच्या अगदी स्वस्त प्लॅनलाही एका फोनचं ओझं जाणवत नाही. आवाज तुटतो तो अस्थिर लाइनमुळे, भिंतींमुळे किंवा वायफाय पुरत नाही म्हणून; आणि लाइट गेली की फोनच मुका होतो. तेव्हा आधी घरात एवढं विचारून घ्या: फोनवर कोण बोलतं, कुठे बसून बोलतं, आणि लाइट नसताना त्या माणसाचा फोन चालायला हवा की नको.

तांब्याची तार

जुन्या फोनला घरची वीज लागतच नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट त्याच तारेतून यायचे, त्यामुळे सगळी गल्ली अंधारात असली तरी फोन वाजायचा. हा एक गुण सोडला तर तांब्याच्या बाजूने बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पावसाचं पाणी जोडात शिरलं की खरखर सुरू. त्यावरचं इंटरनेट एक्स्चेंजच्या शेजारी राहिलात तरी २४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, आणि अंतर वाढेल तसं घसरत जातं. बीएसएनएल स्वतःच आपले तांब्याचे ग्राहक फायबरवर नेत आहे. तुमची लाइन नीट वाजत असेल तर वाजू द्या. नव्याने मात्र मागू नका.

फायबर आणि एअरफायबर

खरी निवड या दोघांत आहे, आणि नावामुळे इथेच गोंधळ होतो. एअरफायबर घेतलं तर तुमच्या घरात फायबर येतच नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर लावलेला डबा जवळच्या ५जी टॉवरला जोडला जातो, आणि तिथून एक केबल घरातल्या राउटरपर्यंत उतरते. एअरटेलने ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईपासून सुरू केली, जिओने १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर.

फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश येतो. वाटेत जिथे एका तंतूचे अनेक फाटे होतात त्या स्प्लिटरला वीज लागत नाही, आणि पाण्याने खरखर होण्याचाही प्रश्न नाही. फायबरला सोसत नाही ती ओढाताण आणि मुडपणं. बडोद्यात ही अडचण दरवर्षी जानेवारीत ठरलेली. मांडवी-वाडीकडच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांमध्ये, घराकडे येणारी फायबरची बारीक ड्रॉप केबल खांबावरून गॅलरीत आणि गॅलरीतून पुढच्या घरावर गेलेली असते. उत्तरायणात तिच्यात पतंग अडकतो, मांजा गुंडाळला जातो, आणि मग काठी घेतलेली पोरं ती केबलच खाली ओढतात. केबल तुटत नाही, पण कुठेतरी दुमडते, आणि घरातल्या फायबरच्या डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागतो.

असाच लाल दिवा घरातल्या घरातही लागू शकतो. लाइनमनकडे पेनाएवढी लाल लेझर असते. एका घरी त्याने ती पिवळ्या पॅच कॉर्डच्या, म्हणजे डब्यापर्यंत जाणाऱ्या घरातल्या फायबरच्या वायरच्या, टोकाला लावली, तर देवघराच्या कोपऱ्यात, जिथे कोणीतरी कॉर्ड भिंतीशी काटकोनात वळवून क्लिप ठोकली होती, तिथे वायरच्या आतून लाल ठिपका पेटलेला दिसला. क्लिप काढली, कॉर्डला बांगडीएवढा मोकळा वळसा दिला, लाल दिवा गेला. एक जपून राहायची गोष्ट: कॉर्ड निघाली तर तिच्या टोकात डोकावून बघू नका. त्यातून येणारा कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आत काही नाही असं वाटतं.

एअरफायबरला मांजाची भीती नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पाइपातून केबल ओढायची परवानगी मागत बसावं लागत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हा मोठाच फायदा, कारण घर सोडताना सोबत न्यायला एक डबा आणि एक केबल, नव्या जागी सिग्नल असला की झालं. पण टॉवर तुमच्या एकट्याचा नसतो. गरब्याच्या मोठ्या मैदानाजवळ राहात असाल तर नवरात्रात रात्री हजारो मोबाइल त्याच टॉवरवर येतात. टॉवर आणि डबा यांच्यामध्ये उद्या नवीन इमारत उभी राहिली तर तक्रार कोणाकडे करणार? वापराची मर्यादाही बघून घ्या: बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी मिळतात, तर जिओच्या एअरफायबरला १००० जीबी. टीव्ही, दोन लॅपटॉप आणि गच्चीवरचा कॅमेरा दिवसभर चालणाऱ्या घरात एक हजार संपायला वेळ लागत नाही. आणि दोन्हीकडे पत्रकावरच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

बोलण्याच्या दर्जात माझ्या मते फायबर सरळ पुढे आहे. हवेतून येणाऱ्या लाइनचा वेग सरासरीत चांगला दिसतो, पण क्षणाक्षणाला हलतो. सिनेमा थोडा आधी साठवून घेता येतो, फोनवरचं बोलणं तसं साठवता येत नाही. तिथे अर्धा शब्द गळतो आणि पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतं.

फायबर देणारेही सगळे सारखे नसतात. गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेणार असाल तर त्याला एवढंच विचारा: तुमचं ओएलटी, म्हणजे सगळे तंतू जिथे येऊन मिळतात ते मशीन, कुठे ठेवलंय आणि लाइट गेली की ते किती तास चालतं? ते जवळच्याच दुकानाच्या माळ्यावर साध्या इन्व्हर्टरवर असेल, तर तुमच्या घरी कितीही बॅकअप असला तरी उपयोग नाही. मोठ्या कंपनीकडे हा बंदोबस्त सहसा बरा असतो. केबलवाल्याची जमेची बाजू वेगळी: तक्रार केली की तो संध्याकाळपर्यंत स्कूटरवर हजर होतो. एका मोठ्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर मी रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी जेवढं बोललोय, तेवढं शेजाऱ्यांशीही बोललो नसेन.

फोन: जॅक, अ‍ॅप की वायफाय कॉलिंग

फायबर घरात ज्या डब्याला येऊन जोडलं जातं त्या ओएनटीच्या मागे, इंटरनेटच्या पोर्टांच्या शेजारी, जरा अरुंद असा एक पोर्ट असतो. त्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं असतं. जुना बटणांचा फोन त्यात लावला की झालं, फक्त कंपनीने तुमचा नंबर त्या डब्यात चालू करून दिलेला हवा. चकतीच्या फोनची आशा सोडा. असे बरेच डबे त्याचे टकटक आकडे ओळखत नाहीत. एअरफायबर घेताना मात्र घरात बसवायच्या मॉडेलला हा पोर्ट आहे का ते आधी बघा. पोर्ट नसेल तर कंपनीचं अ‍ॅप मोबाइलमध्ये टाकून त्यावरून बोलायचं. तिशीतल्या माणसाला ते चालतं. पंचाहत्तरीच्या काकूंना अ‍ॅप उघडून फोन घ्यायला लावणं म्हणजे फोन न देण्यातच जमा आहे.

फोन ठेवायची जागा आणि डब्याची जागा वेगळी असते, ही पुढची अडचण. दोन उपाय आहेत. एक, डब्याजवळ कॉर्डलेसचा बेस ठेवायचा आणि हँडसेट काकूंच्या पलंगाशी. दुसरा, घरात आधीपासून असलेली फोनची जुनी वायर वापरायची: डब्याच्या पोर्टमधून ती वायर जोडली की जुन्या जागेवरचा फोन वाजू लागतो. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी पूर्ण तोडून घ्या, नाहीतर दोन्हीकडचा पुरवठा एकमेकांवर येईल आणि डब्याचा पोर्ट बिघडू शकतो. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. कोणालाही काही नवीन शिकावं लागत नाही.

नंबरचंही आत्ताच ठरवा. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्या फायबरवर जाताना तोच नंबर ठेवता येतो. दुसऱ्या कंपनीत गेलात तर बडोद्याचा कोड ०२६५ तोच राहील, पुढचा नंबर बदलेल; नंबर घेऊन कंपनी बदलायची सोय आपल्याकडे मोबाइललाच आहे. नातेवाइकांच्या डायऱ्यांत तीस वर्षं लिहिलेला नंबर असेल तर मी त्यासाठी स्पीडवर पाणी सोडेन. नंबर कुठलाही असो, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, हे फोनशेजारच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि घरात सगळ्यांकडे मोबाइल असतील तर? मग लँडलाइन हवीच असं नाही. जाड भिंतींच्या घरात मोबाइलचा सिग्नल मिळत नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं. नंबर तोच, वेगळे पैसे नाहीत, मोबाइलच्या सेटिंगमधलं एक बटण. फक्त वायफाय त्या खोलीपर्यंत पोचायला हवं.

एक डबा की दोन

कंपनीचा डबा मोडेम, वायफाय आणि फोन तिन्ही कामं करतो. मांजलपूर किंवा गोत्रीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला तो पुरतो, फक्त घराच्या मधोमध लावा. लाइनमनला दाराजवळची जागा सोयीची असते, कारण केबल तिथूनच येते. पाच मीटर जास्तीची पॅच कॉर्ड मागितली तर काम होतं.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याची गोष्ट निराळी. फूट-दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झचा वायफाय दुसऱ्या खोलीतच दमतो, २.४ गिगाहर्ट्झ पुढे जातो, पण त्यात शेजाऱ्यांचे वायफाय आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. तिथे वरच्या मजल्यावर लॅनची वायर नेऊन दुसरा राउटर लावणं हाच पक्का उपाय. बिनतारी मेश, म्हणजे एकमेकांशी हवेतून जोडलेले दोन-तीन राउटर, सोपं वाटतं, पण त्यालाही तीच भिंत ओलांडावी लागते. स्वतःचा राउटर घेतलात तरी कंपनीचा ओएनटी काढू नका; फोनचा नंबर त्याच्यात चालू असतो, तुमच्या राउटरमध्ये नाही.

लाइट आणि पाणी

ओएनटी सहसा १२ व्होल्टवर चालतो. तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की डबा काही तास जिवंत राहतो. अ‍ॅडॉप्टरवर छापलेले अँपिअर यूपीएसला झेपतात का ते बघून घ्या. कॉर्डलेसच्या बेसलाही वेगळी वीज लागते, आणि ते लाइट गेल्यावरच लक्षात येतं. म्हणून बॅकअपसाठी साधा वायरवाला फोन बरा.

डबा उंच लावा. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात नदीकाठच्या कितीतरी सोसायट्यांचे तळमजले पाण्यात होते. बुटांच्या कपाटावर ठेवलेला डबा आणि डोक्याच्या उंचीवर ठोकलेला डबा यांत तेव्हा काय फरक पडतो, ते वेगळं सांगायला नको.

मी काय घेईन

वाड्यात आई-बाबा राहात असतील तर जुन्या नंबरासकट फायबर, जुन्याच जागी वायरवाला फोन आणि मिनी यूपीएस. स्पीड सगळ्यात खालचा चालेल. फतेहगंजला खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एअरफायबर घ्यावं, लँडलाइनच्या भानगडीत पडू नये. नवरा-बायको दोघं घरून काम करतात त्या फ्लॅटला फायबर, आणि दोघांपैकी एकाचा तरी लॅपटॉप वायरने जोडलेला.

फायबर बसवायला माणूस आला की त्याच्या मीटरवर पॉवर, म्हणजे तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचा जोर, किती येते ते विचारा; ती डीबीएम या एककात मोजतात. उणे पंधरा ते उणे पंचवीस डीबीएममध्ये असेल तर ठीक. उणे सत्तावीसच्या खाली गेली तर जोड पुन्हा करायला लावा. तो असतानाच लँडलाइनवरून एक फोन लावा, बाहेरून एक घ्या, आणि डब्याचा प्लग काढून यूपीएसवर फोन चालतोय ना ते बघा. वायफायचा छापील पासवर्ड त्याच्यासमोरच बदला. कंपनी बदलत असाल तर जुनं कनेक्शन लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही ठेवा, नवा नंबर सगळ्यांना कळवा, मग अर्ज द्या. जुना मोडेम परत करताना त्यावरचा सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. डिपॉझिट मागायला जाल तेव्हा पहिली तीच मागतात.