चेन्नईतील संत थॉमस दर्शन: अर्ध्या दिवसाच्या सहलीचा अनुभव

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेले प्रेषित संत थॉमस, म्हणजे आपल्या मराठी बायबलमधला थोमा, यांच्या भारतातील अखेरच्या दिवसांशी परंपरेने जोडलेली तीन ठिकाणे चेन्नईत आहेत: समुद्राजवळची सांतोम बॅसिलिका, सैदापेटचे लिटल माउंट आणि विमानतळाकडचे सेंट थॉमस माउंट. आम्ही आई-बाबांना घेऊन वसईहून गेलो, तेव्हा एका सहल कंपनीची अर्ध्या दिवसात तिन्ही ठिकाणे दाखवणारी सेवा घेतली. गाडी स्वच्छ होती, चालक वेळेवर आला आणि आईचे गुडघे दुखतात हे पाहून दर वेळी त्याने स्वतःहून हात दिला. माझी तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल आणि त्याहून अधिक, सोबतच्या गाइडने संतांविषयी जे सांगितले त्याबद्दल.

सांतोमला आम्हाला जेमतेम पंचवीस मिनिटे मिळाली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात येथे चर्च बांधले. आजची पांढरी, उंच मनोऱ्याची गॉथिक धाटणीची वास्तू १८९६ साली पूर्ण झाली आणि १९५६ मध्ये तिला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने दिलेल्या विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला. संतांच्या कबरीच्या भुयारी चॅपेलला आता वेगळे प्रवेशद्वार आहे, त्यामुळे वर मिस्सा चालू असली तरी यात्रेकरूंना खाली जाऊन प्रार्थना करता येते. ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. पायऱ्या उतरल्यावर रस्त्याचा आवाज हळूहळू मागे पडतो, आणि आई खाली पोहोचताच काही न बोलता बाकावर बसली. तिला उठवण्यासाठी गाइडने दोनदा घड्याळ दाखवले.

संतांचा संपूर्ण देह याच कबरीत आहे, असे त्याने आम्हाला सांगितले. हे खरे नाही. येथे जतन केले आहेत ते अस्थीचा एक लहान अंश आणि परंपरेनुसार ज्या भाल्याने त्यांची हत्या झाली त्याचे टोक. बाकीचे अवशेष प्राचीन काळीच सीरियन ख्रिस्ती परंपरेचे केंद्र असलेल्या एडेसा नगरात नेण्यात आले, पुढे ते ग्रीसच्या खिओस बेटावर पोहोचले आणि १२५८ पासून इटलीतील ओर्तोना गावी आहेत. हे सांगितल्याने सांतोमचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. चौथ्या शतकात याच एडेसात राहिलेले संत एफ्रेम आपल्या स्तोत्रात म्हणतात की, एका व्यापाऱ्याने थॉमसच्या अस्थी भारतातून आणल्या. ज्या नगराकडे अवशेष होते त्या नगरानेच भारताचे नाव घ्यावे, याहून बोलकी साक्ष मला तरी माहीत नाही. गाइडने पुढे गोंडोफारेस राजालाही मैलापूरचा, म्हणजे सांतोमच्या या परिसराचा, राजा करून टाकले. तिसऱ्या शतकातील सीरियन कथेत थॉमस बांधकाम कारागीर म्हणून या राजाकडे येतात आणि महालासाठी मिळालेला पैसा गरिबांना वाटून टाकतात. पण हा राजा भारताच्या वायव्येकडचा होता आणि त्याची नाणीही त्याच भागात सापडली आहेत.

चर्चमध्ये कमळावर उभ्या असलेल्या येशूच्या मूर्तीजवळ दोन मोर आहेत. त्यांच्यापाशी गाइड थांबलासुद्धा नाही, याचे मला फार वाईट वाटले. मैलापूर या नावातच तमिळ ‘मयिल’, म्हणजे मोर, आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या मार्को पोलोने ऐकलेल्या कथेनुसार संत मोरांच्या सान्निध्यात प्रार्थना करत असताना मोरावर सोडलेला बाण चुकून त्यांना लागला. स्थानिक परंपरा मात्र भाल्याने हत्या झाली असे सांगते आणि इसवी सन ७२ हे वर्ष देते. दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर ऐकणाऱ्याला किती मिळाले असते!

संपूर्ण प्रवासात गाइडने थॉमसला ‘संशयी’ याच एका विशेषणाने ओळखले, कारण येशूच्या पुनरुत्थानावर त्याने आधी विश्वास ठेवला नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जिवावर बेतेल अशा यहूदीयाकडे निघतो, तेव्हा ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे म्हणणारा शिष्य हाच आहे. ज्याला मार्ग कळत नाही आणि जो तसे उघडपणे विचारतो, तोही हाच. पुनरुत्थित येशूच्या जखमा पाहिल्यावर ‘माझा प्रभू, माझा देव’ ही कबुलीही त्याच्याच तोंडची आहे.

लिटल माउंटला आम्ही फक्त गुहा, खडकावरचा, संतांचा मानला जाणारा पंजाचा ठसा आणि झरा एवढेच पाहिले. सेंट थॉमस माउंटवर पायऱ्या आहेत, पण वरपर्यंत गाडीचा रस्ताही आहे, त्यामुळे आईला त्रास झाला नाही. येथील चर्चच्या वेदीवर दगडात कोरलेला क्रूस आहे. १५४७ मध्ये पाया खणताना तो सापडला, आणि त्याच्या कडेने पहलवी, म्हणजे प्राचीन पर्शियन, लिपीतील ओळ कमानीसारखी वळत गेली आहे. जवळ उभे राहून ती अक्षरे पाहताना, पर्शियन ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधी येथे नांदत होते, हे पुस्तकात वाचावे लागत नाही. गोव्यात ज्यांचे पार्थिव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर हा क्रूस सापडण्याच्या दोनच वर्षे आधी, १५४५ मध्ये, काही महिने मैलापुरात राहिले होते, ही गोष्ट बाबांनी आम्हाला सांगितली, गाइडने नव्हे.

चालकासाठी पाचपैकी पाच आणि माहितीसाठी एक, असे माझे गुण आहेत. वयस्कर माणसे सोबत असतील तर फक्त गाडी ठरवावी. तरुणांना तिचीही गरज नाही. लिटल माउंट आणि सेंट थॉमस माउंट या दोन्ही नावांची मेट्रो स्थानके आहेत. सकाळी ऊन चढण्याआधी माउंट करावे आणि कबरीसाठी किमान एक तास राखून ठेवावा. ३ जुलैला, म्हणजे संतांच्या सणाला, जाणार असाल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. आम्ही दुसऱ्या दिवशी रिक्षाने पुन्हा सांतोमला गेलो आणि आई त्याच बाकावर तिची रोझरी पूर्ण होईपर्यंत बसली.