ट्यूनेबल लेसर आठ महिने वापरल्यावर: स्टेप की स्वीप?

सेकंडहँड ट्यूनेबल लेसर (तरंगलांबी हवी तशी बदलता येणारा) आणि प्रकाश किती पोचतो ते मोजणारा पॉवरमीटर, अशी जोडी बडोद्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आणून आठ महिने झाले. डेटाशीट सगळ्यांनी पाहिलेली असते, ती परत लिहीत नाही. लिहायचंय ते मोजायच्या मोडबद्दल, स्टेप की स्वीप, कारण त्यापायी मी चांगलं मशीन दुरुस्तीला धाडायला निघालो होतो.

पहिले चार महिने सगळं स्टेपमध्येच मोजलं. लेसर एका तरंगलांबीवर जातो, थांबतो, मीटर निवांत वाचतो, मग पुढचा पॉइंट. स्वीपमध्ये लेसर न थांबता सरकत राहतो, मीटर तसंच वाचत जातो. थांबून घेतलेलं माप खरं, पळता पळता घेतलेलं कच्चं, अशी माझी ठाम समजूत. मग फायबर ब्रॅग ग्रेटिंगचं काम आलं (हा फायबरचा तुकडा तरंगलांबीचा एक अरुंद पट्टा परत फिरवतो, म्हणून पलीकडे मोजलेल्या आलेखात तिथे खड्डा दिसतो) आणि झोप उडाली. तोच पीस, तीच पॅचकॉर्ड (जोडणीची फायबर केबल), आणि 3 डीबी रुंदी, म्हणजे प्रकाश निम्मा होतो तिथली खड्ड्याची रुंदी, एकदा 0.41 नॅनोमीटर, एकदा 0.43, परत 0.40. कनेक्टर पुसले, तिरक्या टोकाचा हिरवा एपीसी कनेक्टर सरळ टोकाच्या निळ्याला जोडला नाही ना ते पाहिलं, रेफरन्स (पीसशिवायचं माप) नव्याने घेतला. उपयोग शून्य. सर्व्हिसवाले फोनवरच म्हणाले, मोटर गेली, पाठवून द्या. खर्च मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा! आणि कुठल्या मोडमध्ये मोजताय, एवढंसुद्धा विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

उलगडा भाचीने केला. सुट्टीत येऊन बसली होती, स्क्रीनवर एकेक ठिपका सरकताना बघत. म्हणाली, "मामा, एसी बंद पडला की खड्डा रुंद होतोय बघ."

खरंच होत होता. मोजायची खिडकी 2 नॅनोमीटर, 1 पिकोमीटरची पायरी, म्हणजे 2000 पॉइंट. प्रत्येकी सेकंद धरला तरी अर्ध्या तासाच्या वर. 1550 नॅनोमीटरच्या आसपास ग्रेटिंग तापमानाच्या दर अंशाला साधारण 10 पिकोमीटर सरकतं. डाव्या उतारावरून उजव्यावर पोचायला सहा-सात मिनिटं, तेवढ्यात टेबलापाशी दोन अंश चढलेले. लेसर पुढे जातोय आणि ग्रेटिंगही त्याच दिशेने पळतंय, म्हणून रुंदी फुगते. एसी सुरू झाला की उलट. मशीन पहिल्यापासून बरोबर होतं.

ट्रिगरची केबल (लेसर आणि मीटर एका तालात ठेवणारी) जोडून स्वीप लावला. सेकंदाला 5 नॅनोमीटर, सरासरीचा वेळ 100 मायक्रोसेकंद, म्हणजे एका वाचनात लेसर फक्त अर्धा पिकोमीटर सरकतो. अख्खी खिडकी अर्ध्या सेकंदात. दहा वेळा घेतलं, रुंदीतला फरक एक-दोन पिकोमीटरच्या आत. मत तिथेच बदललं.

स्वीपची एक अट आहे. पळताना मीटरला रेंज (किती प्रकाशापर्यंत मोजायचं ती पट्टी) बदलायला सवड नसते, ती बांधून ठेवावी लागते. मग खोल खड्ड्याचा तळ गोंगाटात बुडतो. मी वरच्या आणि खालच्या रेंजवर दोन स्वीप घेऊन जोडतो. तरीही एका मर्यादेपलीकडे तळ दिसत नाही, कारण लेसरचा स्वतःचा उत्स्फूर्त प्रकाश (निवडलेल्या तरंगलांबीबाहेर पसरलेला) मीटरपर्यंत पोचतोच. त्यासाठी कमी-गोंगाटाचं वेगळं आउटपुट लागतं, माझ्या मॉडेलला ते नाही. घेताना हे आधी विचारा, मी पैसे वाचवायच्या नादात विचारलं नाही.

पण सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच. लाइट गेली, मशीन परत चालू केलं की हे मुकाट्याने स्टेपवर येतं, ऑटोरेंजसकट. सेटिंग आठवणीत ठेवायला काय लागतं? दोनदा अख्ख्या बॅचचे रिपोर्ट त्यापायी फेकले. आता पॉवरच्या बटणावरच पट्टी चिकटवली आहे: "आधी मोड बघ." मराठीत एक, खाली मदतनिसासाठी गुजरातीत एक.